दुसरं पाणी

लाल रंग हाताबाहेर गेला तेव्हा तेओदुलोला आधी वाटलं, डबाच खराब निघाला असणार. काम तसं किरकोळ होतं. एका टॅक्सीचं दार कुणीतरी घासून गेलं होतं, त्या जागी जुन्या बाजारातलं दुसरं दार बसवलं होतं आणि त्याला उरलेल्या गाडीचा लाल द्यायचा होता. असली कामं तो गुणगुणत करायचा. लिमातल्या त्या गल्लीत जागोजाग 'मातिसादो' अशा पाट्या होत्या, म्हणजे छटा जुळवून मिळेल, पण गाड्या थांबायच्या त्या त्याच्याच दारात. आज मात्र काही केल्या जमेना. पत्र्याच्या तुकड्यावर रंग ओढायचा, तुकडा उंबऱ्याशी उजेडात न्यायचा, गाडीला टेकवून बघायचा आणि मान हलवत परत यायचं, असं त्याचं कितीतरी वेळ चाललं होतं. एकदा पिवळट मारत होता, एकदा जांभळट. काळ्याचा एक थेंब जास्त पडला आणि सगळा डबाच शिळ्या रक्तासारखा दिसायला लागला. टॅक्सीवाला कडेला उभा राहून जवाचा गरम काढा फुंकत फुंकत पीत होता. तो म्हणाला, "अहो उस्ताद, लालच आहे की. लालाला लाल. द्या मारून, मला धंद्यावर जायचंय." आणि तेओदुलो, ज्यानं आजवर गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्याच्या अंगावर धावल्यासारखा ओरडला, "लाल म्हणजे काय? लाल म्हणजे काहीच नाही! कळतं का तुम्हाला? काहीच नाही!" टॅक्सीवाल्याच्या हातातला काढा हिंदकळला. "बरं बाबा, नाही तर नाही," तो पुटपुटला. तेओदुलोनं डब्याचं झाकण लावलं. मग त्यानं हात खिशात घातले.

सकाळी फोन आला होता, एवढंच झालं होतं. सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या सेगार्राबाई. बाईंचा आवाज चांगला होता, थकलेला पण चांगला. त्या म्हणाल्या, वर डोंगरात, तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला, एक माणूस सापडलाय. एकटाच पुरलेला होता. वरून चुना ओतला होता, त्यामुळे हाडांच्या तपासणीतून काही हाती लागत नाही, दोनदा करून झालं. उंची, वय बघता तुमचा भाऊ एलादियो तरी असेल नाहीतर शेजारच्या कासिमीराबाईंचा दोनातो. अंगावर स्वेटर आहे, लोकरीचा. "तुमच्या आईनं जबाबात लाल स्वेटर म्हटलंय. कासिमीराबाईंनीही लाल स्वेटर म्हटलंय. आता मी काय करू सांगा? तुमची आई म्हणते, माझा मुलगा रंगातला जाणकार आहे, त्याला दाखवा. तर गुरुवारी आईला घेऊन या, कासिमीराबाईही येतील. आणि हे बघा, मला थोडं असं वाटतं, थोडं तसं वाटतं, असं नको हं. कागदावर छटांना जागा नाही. पहिल्या घरचा की दुसऱ्या घरचा, एवढंच."

छटा हा शब्द बाईंनी किती सहज झटकून टाकला! मातीस. तेओदुलो त्याच शब्दावर जेवत होता. नऊ वर्षांचा असताना आईचं बोट धरून, ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांवर बसून तो लिमात उतरला तेव्हा त्याला हा शब्द ठाऊक नव्हता. पुढे अरिस्तिदेस उस्तादांच्या हाताखाली लागला आणि पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी दोन निळ्या पट्ट्या त्याच्या पुढ्यात टाकल्या. "सारख्या आहेत?" "हो." "नीट बघ." तो बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं तरी बघत राहिला, आणि मग एक पट्टी हळूच दुसरीपासून वेगळी झाली, जरा हिरवट, जरा थंड. उस्ताद म्हणाले, "दोन सारख्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर जे उरतं ना, त्याला मातीस म्हणायचं. ज्याला ते दिसलं त्याची सुटका नाही." त्यांचं खरंच होतं. पुढे हाच शब्द तो टीव्हीवर ऐकायला लागला. मोठमोठी माणसं, टाय लावलेली. सैनिक आणि बंडखोर लढत होते त्या वर्षांत डोंगरात माणसं मारली की नाही असं कुणी विचारलं की ही माणसं खुर्चीत सावरून बसायची आणि म्हणायची, या प्रश्नाला अनेक छटा आहेत. तेओदुलो उठून टीव्ही बंद करायचा. त्याच्या दुकानात हा शब्द म्हणजे डोळे फुटेस्तोवर बघणं, आणि यांच्या तोंडी तोच शब्द म्हणजे बघायचं नाही. एकाच शब्दाचा असा अर्थ कसा फिरतो? चीड यायची त्याला. पण ते तरी परवडलं. आता बाई म्हणत होत्या, छटेला जागाच नाही.

आईकडे असा शब्दच नव्हता. ती म्हणायची पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. तेओदुलोनं दुकानाची फळी ओढली, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला, आणि अंगणातलं ते भांडं त्याच्यासमोर येऊन बसलं. तांब्याचं, काजळी धरलेलं. निवडुंगावरचे पांढरे किडे खरवडून, वाळवून, वाटून आई ते उकळत्या पाण्यात टाकायची, वर तुरटीसारखा डोंगरातला खार, आणि पाणी असं लाल व्हायचं की नजर हटायची नाही. गावात रीत होती, भांडं ज्या घरचं, पहिलं पाणी त्या घरचं. भांडं त्यांचं होतं. म्हणून एलादियोच्या स्वेटरची लोकर आधी पडली. ती काढून झाल्यावर उरलेल्या पाण्यात कासिमीरा मावशीनं दोनातोची लोकर टाकली. मावशीकडे भांडं नव्हतं, नवरा नव्हता, एक दोनातो होता. आणि सगळ्यात शेवटी, पाण्यात दम उरला नव्हता तेव्हा, आई म्हणाली, "तुझीही टाकते रे, वाया कशाला घालवायचं." तेओदुलोचा स्वेटर गुलाबी निघाला. फिका, बाळाच्या हिरड्यांसारखा. शाळेत पोरांनी त्याला तेओदुलीना म्हणून नाचवलं. तो रडत घरी आला तेव्हा सतरा वर्षांचा एलादियो भिंतीला टेकून ऊस खात होता. तो हसला नाही. म्हणाला, "ए फिक्या, इकडे ये. हा माझा आहे ना, मला घट्ट झाला की तुझाच. पहिलं पाणी. कुणाला सांगू नकोस, नाहीतर दोनातो मागेल." तेओदुलोनं त्याच्या बाहीवर गाल ठेवला होता. लोकर टोचत होती. त्या बाहीचा रंग आपल्याला आठवतो, असं त्यानं आयुष्यभर धरून ठेवलं होतं. लाल रंगाचा प्रत्येक डबा उघडताना त्यानं मनातल्या मनात तो रंग शेजारी ठेवून बघितला होता. आणि आज, बाईंचा फोन ठेवल्यावर, त्यानं डोळे मिटून तो आठवायला घेतला आणि तिथे काहीच नव्हतं. नुसता 'लाल' हा शब्द होता. एवढी माणसं त्याच्याकडून छटा जुळवून घेऊन गेली, आणि घरची एक छटा त्याला सांभाळता आली नाही. 

त्याच वर्षी पेरणीच्या आधी, एका धुक्याच्या पहाटे, तोंडं बांधलेली माणसं ट्रकमधून आली आणि एलादियोला आणि दोनातोला घेऊन गेली. ती माणसं कोणाची होती याबद्दल गावात अजूनही बोलताना आवाज खाली जातो. दोघांनीही स्वेटर घातले होते, थंडी होती.

गुरुवारी आईनं सकाळीच काळा झगा घालून ठेवला होता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू इतका उतरला होता की खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच तिला कळायचं, पण वेण्या तिनं स्वतः घातल्या होत्या. तेओदुलोच्या बायकोनं पुढ्यात ठेवलेला उकडलेला मका तिनं हातही न लावता बाजूला सारला. "तेओ," ती म्हणाली, "आज तू बघ. मला दिसत नाही. आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस." "हो आई." "मला आता फार दिवस काढायचे नाहीत. मला त्याच्या शेजारी निजायचंय. एवढंच मागणं आहे माझं, दुसरं काही मागितलंय का मी कधी तुझ्याकडे?" तिनं खरंच काही मागितलं नव्हतं. या घरात आल्यापासून ती खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची. तेओदुलो संध्याकाळी त्याच दारातून आत यायचा, आणि तिचा चेहरा उजळायचा, आणि पावलं ओळखू आल्यावर किंचित, अगदी किंचित मावळायचा. दुसऱ्या कुणाला तो फरक दिसला नसता. त्याला दिसायचा. रोज दिसायचा. आलास का बाळा, ती म्हणायची, प्रेमानंच म्हणायची, आणि तो हात धुवायला आत जायचा. आपण तिसरं पाणी आहोत हे त्याला कुणी सांगायला लागलं नाही. आज एलादियो सापडला तर ती खुर्ची फिरेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

कासिमीरा मावशी कार्यालयाच्या पायरीवर आधीच येऊन बसली होती. गावाहून बसनं आली होती, अंगावर बसचाच वास होता. इतकी वाळली होती की टोपीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं. "साबिना," ती आईचा हात धरून म्हणाली, "आलीस गं बाई. बघ, आपली पोरं एकाच दगडाखाली निजली असती तर ही भांडणं तरी नसती." "भांडण कुठलं, वेडे?" आई म्हणाली. "भांडण कधी झालंय आपलं?" "नाही तसं नाही. पण एकच आहे ना तो." मग दोघी एकमेकींना धरून पायऱ्या चढल्या, आणि कोण कुणाला आधार देतंय ते कळत नव्हतं. तेओदुलो मागून चालत होता. प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, मागच्या मागे उतरावं, गर्दीत शिरावं, दुकान उघडून त्या टॅक्सीवाल्याला बोलावून त्याच्या पाया पडावं.

खोलीत ट्यूबलाइट होत्या. लांबलचक टेबल, पांढरा कागद अंथरलेला, त्यावर बाह्या पसरून ठेवलेला स्वेटर. किती लहान! तेओदुलोला आधी तेच जाणवलं. त्याच्या मनात तो स्वेटर वाढत गेला होता, त्याच्या अंगाएवढा झाला होता, आणि इथे तर एक पोरगेलं काहीतरी पडलं होतं. आता तो आपल्या अंगात शिरलाही नसता. रंग मातकट तपकिरी. चुन्यानं कुठे पांढरा, कुठे राखी. त्यानं वाकून पाहिलं. पहिलं पाणी नाही, दुसरं नाही, कुठलंच नाही. मातीनं सगळं जुळवून टाकलं होतं, त्याला कधी जमलं नसतं इतकं बेमालूम. "काय वाटतं?" सेगार्राबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "या दिव्याखाली काहीच दिसत नाही बाई. हा दिवा खोटा आहे. मला तो दाराशी नेऊ द्या, उजेडात." "टेबलावरून हलवता येत नाही." "मग मला विचारू नका!" तो पुन्हा ओरडला होता. बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग हातमोज्यांची जोडी पुढे केली आणि स्वतःच कागदासकट स्वेटर उचलायला हात लावला. असा तो दोघांनी मिळून दाराशी नेला, निजलेल्या मुलाला नेतात तसा.

बाहेर लिमाचं ते नेहमीचं, गाढवाच्या पोटासारखं राखी आभाळ होतं. सगळे त्या आभाळाला नावं ठेवतात, पण रंग बघायला त्यासारखा उजेड नाही, तो कुणाची बाजू घेत नाही. तेओदुलोनं काखेतली शिवण बोटांनी हळूच उलटी केली. लोकर कुरकुरली. आत, जिथे दोन पदर एकमेकांवर घट्ट शिवलेले होते, जिथे ना ऊन पोचलं ना चुना, तिथे तो होता. गडद. जांभळ्याकडे झुकलेला, खोल, उकळत्या पाण्याच्या पोटातला लाल. दुसऱ्या पाण्याला ही खोली येत नाही, कितीही उकळा. तेओदुलोला ती बाही आठवली, गाल आठवला, उसाचा वास आठवला, सगळं एका दमात, आणि त्याच्या तोंडून "दादा" असा शब्द निघाला की नुसतीच हवा, ते त्यालाही कळलं नाही. त्याला रडायचं होतं आणि त्याच वेळी त्याला भयंकर आनंद झाला होता, विसरलो नव्हतो म्हणून. तो वळला. सांगणारच होता.

आत मावशी रिकाम्या टेबलाशी वाकली होती. स्वेटर उचलल्यावर कागदाखालच्या फळीवर थोडी माती उरली होती, त्या मातीवर ती हात फिरवत होती आणि बोलत होती. रडत नव्हती, नुसती बोलत होती, दुपारी शेतातून आलेल्या पोराशी बोलावं तशी. "एवढा उशीर का रे केलास, दोनातो? मी किती हाका मारल्या. भाकरी निवून गेली. बस आता. बस इथे. हात दाखव, किती मळवलेस." तिच्या मागे खुर्चीवर आई बसली होती, मान तिरकी करून, ऐकत. तेओदुलो आणि बाईंनी स्वेटर परत ठेवला तशी आई उठली, चाचपडत टेबलाशी आली आणि तिनं स्वेटरच्या गळ्यावर हात ठेवला. सूत दोन बोटांत धरून फिरवलं. तिचा हात थांबला. तेओदुलोनं पाहिलं, तिचा सगळा चेहरा थांबला. "तुलाही बघायचंय?" तिनं मावशीला विचारलं. मावशीनं बोटं टेकवली. सांध्यांतून वाकडी झालेली, सुजलेली. "मला काही कळत नाही गं साबिना. माझी बोटं मेलीत. पण हा तोच आहे. मला आतून कळतंय. हा तोच आहे ना? नाहीतर मी आता कुठे जाऊ? मला सांग ना, मी कुठे जाऊ?"

"जाणकार म्हणून तुम्ही सांगा," सेगार्राबाई म्हणाल्या. पेन उघडून त्या तयार होत्या. तेओदुलोनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी आईनं त्याचं मनगट धरलं. तिची पकड अजून तशीच होती, भांडं उचलणाऱ्या बाईची. "बोल तेओ," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "दुसरं पाणी आहे. होय ना?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. पांढरट डोळे त्याच्या जरा बाजूला कुठेतरी बघत होते. आई, नको, त्याला म्हणायचं होतं, खरं सांग म्हणालीस ना सकाळी, त्याच्या शेजारी निजायचंय म्हणालीस ना, मग मी काय सांगू आता, मला का धरतेस यात. आणि तो मला देणार होता, आई. मला घट्ट झाला की तुझाच, म्हणाला होता. मनगटावरची पकड आणखी आवळली. अरिस्तिदेस उस्ताद म्हणायचे, रंग कधीच पुरता जुळत नसतो, पोरा. नव्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्यावर थोडा विरवत न्यायचा, म्हणजे डोळ्याला सीमा सापडत नाही, अपघात झाला होता हे कुणाला कळत नाही. "दुसरं," तेओदुलो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यात लांबून ऐकू आला. "दुसरं पाणी. दोनातोचा." "नक्की?" "नक्की." बाईंनी लिहून घेतलं. मावशी ओरडली नाही. ती हळूहळू खाली बसली, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि आता कुठे रडायला लागली, मोठ्यानं, मोकळं. आई खाली वाकून तिच्या टोपीवर हात फिरवत राहिली. "आला गं," ती म्हणत होती. "आला तुझा. ने आता घरी."

परत येताना कॉम्बी, म्हणजे शहरातली ती छोटी बस, गच्च भरली होती. कुणीतरी आईला खिडकीची जागा दिली, तेओदुलो तिच्यावर ओणवा उभा राहिला. वाहक दाराला लोंबकळत थांब्यांची नावं ओरडत होता, ड्रायव्हरनं गाणी लावली होती, आणि आई हात मांडीवर ठेवून बसली होती. तेओदुलोला तिचा राग आला होता, इतका की तिच्याकडे बघवत नव्हतं. मावशी त्याच्या भावाला गावाला नेणार, दोनातो म्हणून पुरणार, दोनातोच्या नावानं फुलं वाहणार. मावशीला कधी वाटेल का, हा माझा नाही, असं त्याच्या मनात आलं. कळेल का तिला? जन्मात कळणार नाही. जोड दिसतच नव्हता. आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम त्यानं आज केलं होतं.

"तेओ," आई म्हणाली. तो खाली वाकला. "आता खरं सांग." "आई, तुला कळलं होतं ना?" "सूत माझं होतं. मी कातलेलं. ते हाताला कळतं. पण हात म्हातारा झालाय, हाताला पाहिजे तेच कळतं. म्हणून तुला विचारतेय. तू पाहिलंस." "पहिलं पाणी होतं, आई." तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "कसं होतं?" "काय कसं?" "रंग. मला सांग. कसा दिसत होता?"

आणि तेओदुलो, कॉम्बीच्या दांड्याला लटकत, माणसांच्या कोपरांत, आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागला. काखेतल्या शिवणीत होता आई. वाळलेल्या मिरचीपेक्षा गडद. पण काळा नाही. काळपट म्हटलं तर चूक होईल. जांभळ्याकडे जरासा, अगदी जरासा, तू खार थोडा जास्त टाकायचीस ना, तेवढाच. डाळिंबाचा दाणा दाताखाली फुटायच्या आधी असतो तसा, नाही, त्याहून जाड, त्याहून ऊबदार. दुकानात नसतो तसा कुठे. मी इतकी वर्षं शोधला, नाही मिळाला. त्यात एका कडेला, धाग्याच्या पोटात, अगदी ताजा होता, आत्ता भांड्यातून काढल्यासारखा. त्याला सांगताना थांबता येईना, प्रत्येक शब्द चुकत होता आणि तो पुन्हा दुरुस्त करत होता, थोडा असा, थोडा तसा, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या वेण्यांवर पडत होतं. आई मन लावून ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "तसाच उतरला होता. मी म्हटलं होतं कासिमीराला, बघ कसा उतरलाय." मग तिच्या छातीतून एक आवाज आला. तेओदुलोनं तो आवाज लहानपणी डोंगरात ऐकला होता, मेलेल्याच्या दारात बायका काढतात तो, आणि त्यांच्या घरात तो इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता, कारण मेलेलंच कुणी नव्हतं. ती तो काढत राहिली. कॉम्बीतलं बोलणं थांबलं. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. "काय झालं आजींना?" वाहकानं दारातून विचारलं. "भाऊ गेला माझा," तेओदुलो म्हणाला. "अरेरे. कधी?" तेओदुलोनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे उतरायचंय तुम्हाला?" वाहकानं पुन्हा विचारलं. तेओदुलोनं वाकून खिडकीबाहेर पाहिलं, थांबा कुठला ते त्याला ओळखू येईना.